खोट्या मांडवातलं गाणं

२१ जानेवारी

शूट पक्कं झालं. सुरुची मॅडमनी आज अकरा वाजता स्वतः माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं. तीस तारखेला, सकाळी आठ ते दुपारी दोन, अंबरनाथला शिवमंदिराच्या पलीकडच्या एका लॉनवर.

आमची कंपनी लग्नं ठरवून पार पाडते, तिचं नवीन पॅकेज येतंय, 'मातीतलं लग्न'. त्याची रील करायची आहे. परवाच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "नऊवारी, नथ, बैलगाडी सगळ्यांकडे आहे. आपल्याकडे वेगळं काय?" मग मी बोलले. म्हटलं, आगरी लग्नात धवलारीण असते. त्यांच्यात भटजीच्याही आधी तिचा मान. ती बाई गाऊन देवांना मांडवात बोलावते, हळदीला गाते, तिच्या गाण्याशिवाय काही पुढे सरकत नाही. त्या गाण्यांना धवला म्हणतात.

"तुला कसं गं माहीत एवढं?"

"ओळखीत एक बाई आहेत. खरवईला."

"त्यांच्यात" म्हणाले मी. आत्ता लिहिताना दिसलं. आणि त्या ओळखीच्या बाई म्हणजे माझी सख्खी आजी, माझ्या शेजारच्या खोलीत राहते, हेही मी सांगितलं नाही. पाटील आडनावाची एक सोय असते, समोरचा हवं ते समजतो. ऑफिसात लागले त्या पहिल्या आठवड्यात डबे खाताना पुष्करने आगरी हळदीची नक्कल केली होती. गळ्यात काल्पनिक साखळदंड, कंबर हलवत "बाय माजे, बाय माजे". सगळे हसले. सगळ्यात जोरात मी. त्यानंतर सांगायची वेळ कधी आलीच नाही.

रील चांगली झाली तर मला कायम करतील. प्रोबेशनचे सहा महिने संपत आलेत.

२३ जानेवारी

आज आजीला विचारलं. ती गॅलरीत तांदूळ निवडत होती.

"कुनाचा लगीन?" हा तिचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, लग्न नाही, शूटिंग आहे. तिने सूप खाली ठेवलं. "लगीन नाय तं धवला नाय. देवाला काय खेलायला बोलवायचा?"

मला माहीत होतं ती असं म्हणणार. तिने कधी स्टेजवर गायलेलं नाही. एकदा कुठल्या महोत्सवाची माणसं घरी आली होती, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. म्हणून मी दुसरं तयार ठेवलं होतं. म्हटलं, अगं तसं नाही, मॅडमच्या भाचीचं खरंच लग्न आहे, त्याचंच शूटिंग. त्यांच्यात कोणी धवलारीण नाही, पण त्यांना हौस आहे.

"कुलदेवी कंची त्यांची?"

"एकवीरा."

"आनी नवऱ्याची?"

"त्याचीपन एकवीराच."

"बरा." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "खरा ना, पोरी?"

"खरं."

आत आईने मिक्सर बंद केला होता. मग परत चालू केला.

एवढ्याशा खोट्याने कोणाचं काय जाणार आहे? आजीचं गाणं लाखभर लोक ऐकतील. तिचाही मानच होईल.

३० जानेवारी

झालं एकदाचं. खूप दमलेय पण लिहून ठेवते.

आजी आणि भिमाबाई दोघी साडेसातलाच तयार. भिमाबाई आजीच्या मागे झील धरते, चाळीस वर्षं. दोघींनी ठेवणीतली हिरवी लुगडी नेसलेली. रिक्षात भिमाबाई म्हणाली, "जिज्ञासाच्या हापिसातला लगीन म्हंजी आपलाच घरचा कार्य."

लॉनवर मांडव छानच झाला होता. उंबराची डहाळीसुद्धा मी आठवणीने आणवली होती. नवरी राजसी, मॉडेलिंग करते. नवरा म्हणून पुष्करलाच उभा केला, दाढी आहे म्हणून.

मॅडम धावत आल्या. "अय्या, किती गोड! जिज्ञासा, या कोण?"

मी म्हटलं, "या तुळशीबाई."

आजीने माझ्याकडे पाहिलं. भिमाबाईने तोंड उघडलं होतं, आजीने तिच्या दंडाला हात लावला. मग मला म्हणाली, "कुठं बसायचा, म्याडम?"

तिने सांभाळून घेतलं. मला आधी बोलून ठेवायला हवं होतं, सुचलं नाही. त्यानंतर दिवसभर ती मला म्याडमच म्हणत होती. पाणी पायजे, म्याडम. भिमीला उन्हात घेरी येतंय, म्याडम.

आजीने राजसीला जवळ घेऊन विचारलं, "बाय, तुजी आय दिसंना कंय?" राजसी म्हणाली, "मम्मी ना? ती जॉबला गेली." आजी "बरा" म्हणाली. हळद लावली, कॅमेरावाल्याला पाहिजे तशी आली नाही. राजसीने ओल्या टिश्यूने गाल पुसले आणि परत लावली. परत पुसली. तीन वेळा. आजी बघत होती.

मग गाणं. भिमाबाईने सुरुवात केली तर आजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः दुसरंच काहीतरी उचललं. तिच्या मर्जीप्रमाणे चालतं ते. आवाज काय लागला होता! लाइटवाले पोरगेही हातातलं टाकून बघायला लागले. शब्द मला सगळे नीट कळले नाहीत. गुडघाभर पानी, चिखलात पाय, वाकून वाकून पाठ दुखली, असं काहीतरी. भिमाबाई आधी गांगरली, मग पाठोपाठ लागली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

येताना रिक्षात दोघी गप्प होत्या. दमल्या असतील, वय झालं. घरी चपला काढताना आजी म्हणाली, "पोरगी चांगली हाय ती. खरा लगीन व्हईल तवा सुखान ऱ्हाओ."

६ फेब्रुवारी

रील काल संध्याकाळी टाकली. आज दुपारपर्यंत दोन लाख. मॅडमनी पेढे मागवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जिज्ञासा कायम.

आजीला मोबाईलवर दाखवलं. तिने पूर्ण पाहिलं नाही. "चांगला हाय," म्हणाली आणि वालाला मोड आलेत का ते बघायला उठली.

८ फेब्रुवारी

घोळ झालाय.

कमेंट्समध्ये कुठल्याशा गावच्या एका बाईने लिहिलं, 'अहो हे धवला नाही. ही आवणीची गाणी आहेत, भात लावताना म्हणायची.' त्याखाली रांगच लागली. 'नवरीला शेतात पाठवता काय?' 'ही खरवईची तुळशी ना? म्हातारीला चळ लागला.' 'आगऱ्यांची इज्जत घालवली.' शंभर-दीडशे हसणारी तोंडं.

मी रील परत ऐकली. गुडघाभर पानी, चिखलात पाय. अर्थात आवणी. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चिडल्या नव्हत्या, त्या चिडत नाहीत. "जिज्ञासा, या पॅकेजमध्ये आपण अस्सलपणाच विकतोय. हे काय झालं?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "वय झालंय त्यांचं. विसरल्या असतील."

"मग तसं लिहून टाक. नम्रपणे."

मी लिहिलं: 'आमच्या रीलमधील ज्येष्ठ कलाकारांकडून वयोमानानुसार विस्मरणाने गाण्यात चूक झाली. समाजाच्या भावना दुखावल्याबद्दल क्षमस्व.' कंपनीच्या नावाने टाकलं. तासाभरात कमेंट्स थांबल्या. 'जाऊ द्या, म्हातारी माणसं' असं दोघा-तिघांनी लिहिलं.

सुटले असं वाटलं. आजी खरंच विसरली असेल. परवा चष्मा फ्रिजवर ठेवला होता तिने.

११ फेब्रुवारी

आज जनूकाका आले. गावातले, बाबांच्या भावकीतले. त्यांच्या आकाशचं बावीस तारखेला लग्न आहे. जनूकाकांच्या लग्नात आजीच गायली होती, त्यांच्या तिन्ही बहिणींच्याही. आकाशचं गेल्या दिवाळीतच तिला सांगून ठेवलं होतं.

चहा झाला, हवापाण्याचं झालं, पाइपलाइनचं झालं. काका निघेचनात. मग आई म्हणाली, "भावजी, काय ते बोला."

"काकी," ते आजीला म्हणाले, "तुमी आता दमल्याव. चार दिसाचा कार्य, त्यान ही उना. मी बोललू, काकीला कशाला तरास. तं डोंबिवलीकरची एक धवलारीन हाय, इंदुबाई. तिला सांगून आयलू."

आजीने बशीतला उरलेला चहा संपवला.

काकांना ते सहन होईना. खिशातून मोबाईल काढला. "मी नाय बोलत, काकी. ह्या कंपनीनंच लिवलंय बघा. इसर परतो म्हून. पोरीकरचे लोक वाचतात, ते मना इचारतात. लग्नात मधीच चुकला तं आयुष्यभर बोल लागतो पोरांना."

"कोनी लिवलंय?" आजीने विचारलं.

"कंपनीनं."

माझा कप रिकामा होता तरी मी तो तोंडाला लावून बसले होते. आजीने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला समजलं. ती काकांना म्हणाली, "व्हय रे जनू. वय झालाय माजा. इंदी चांगली हाय, तिचा गला गोर हाय."

काका तिच्या पाया पडून गेले. त्यांना रडू येत होतं. आईने कप उचलताना माझ्या हातातला कप काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, "सोड आता."

आईला सगळं माहीत आहे. मिक्सर बंद केला होता तेव्हापासून.

१३ फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर निघून भिमाबाईकडे गेले. तिने दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "आयली म्याडम."

मी विचारलं, आजी खरंच विसरली का?

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "तुजी आजी? माज्या लग्नात कंच्या देवाला आदी आवतन दिलता आनी मंग कोनाला, ते ती निजेत सांगल. त्या पोरीनं पयल्यांदा हलद पुसली ना, तवाच तिनं वलखला. मना बोलली, भिमे, ह्या लगीन नाय."

"मग उठून का नाही गेलात?"

"मी उठत व्हते. ती बोलली, बस. पोरीला लोकांत तोंड दाखवायचा हाय." भिमाबाईने माझ्याकडे बोट केलं. "धवल्यात देवांना बोलावतात, पितरांना नाव घेऊन बोलावतात, कललं? ते येनार, आनी लगीनच नाय. मंग त्यांना कोन परत पाठवनार? म्हून ती आवनीचा गायली. आवनीला कोनाला बोलवायचा नसतो. देवाशी खोटा नको, आनी तुजापन काम व्हवा. बसल्या जागी तिनं सगला इचार केला."

तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"आनी ऐक. मी बोलले, जिज्ञासा वलखंल ना लगेच, धवला नाय म्हून. ती बोलली, नाय वलखनार. आमची पैज लागलती."

लहानपणी प्रत्येक लग्नात मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. धवला माझ्या डोक्यावरून तासन्‌तास जायचा. मला वाटत होतं तो मला येतो. येत नाही म्हणा, पण ओळखता येईल एवढा तरी. दोन लाख लोकांना मी तो दाखवला आणि तो धवला नव्हताच.

१५ फेब्रुवारी

आजीला सांगितलं. ती वालाचं बिरडं सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले आणि सगळं बोलले. भाची नव्हती, लग्न नव्हतं, माफी मी लिहिली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "साल नीट कार. अर्दी ऱ्हातंय."

"तुला राग नाही आला?"

"आयला ना. मंग काय करू? तुना मारू? तू मोठी झालीस, मारशील मनाच." मग पुढचा वाल उचलत, "तुलशीबाई बोललीस, त्याचा काय नाय. माजा नावच हाय ता. पन इसरली बोललीस. कोनाच्या लग्नातपन मी इसरले नाय. एकदा ताप आंगान असून गायले, तुजा बाबा पोटात असताना गायले, तुजा आजा गेला त्याच्या म्हैन्याभरानं उभी ऱ्हायले, कारन पोरीचा लगीन खोळंबला असता. इसरली कवा नाय."

मी म्हटलं, मी ती माफी काढून टाकते.

"कार. पन वाचायचा त्यांनी वाचलाय."

१७ फेब्रुवारी

काढून टाकली. काही झालं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवसभर मी स्वतःशी म्हणत राहिले की मी माझ्या बाजूने केलं. संध्याकाळी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, खरं काय ते लिहायला हवं. रीलखाली आपण 'एका खऱ्या आगरी लग्नातून' लिहिलंय, ते खोटं आहे. त्या बाई विसरल्या नाहीत. त्यांना आम्ही फसवलं. मी फसवलं. ती माझी आजी आहे.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुझ्या नावाने लिहायचं तर मी कोण अडवणार? पण मग कंपनीत राहून नाही लिहिता येणार. चार लग्नं बुक झालीयेत त्या रीलवर." मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तरी सांगायचंस गं. सहा तास त्या बाई खाली जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली असती."

स्टेशनपर्यंत चालत आले. खुर्च्या तिथे पन्नास होत्या. पांढऱ्या कव्हरच्या. मीच मोजून लावून घेतल्या होत्या.

१८ फेब्रुवारी

ऑफिसला गेले. काम केलं. काही लिहिलं नाही. नोकरी गेली तर फ्लॅटच्या हप्त्यांचं, बाबांच्या औषधांचं, हे सगळं मनात मांडून बघितलं. बाबा कमावतात, दादा कमावतो. माझ्यावाचून चूल अडणार नाही. कारण शोधत होते, सापडलं नाही.

१९ फेब्रुवारी

जनूकाकांकडे गेले. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. काका बायकांना भांड्यांचा हिशोब विचारत फिरत होते. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

ते बांबूंवर बसले. "म्हंजी काकी इसरली नाय?"

"नाही."

"आनी मी तिला तोंडावर बोललू." त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग माझ्यावर ओरडले, इतके की आतून बायका बाहेर आल्या. "तू शिकलेली ना गो? तुना लाज नाय वाटली? तुज्या आजीच्या जिवावर आमचे संसार उबे हायेत!"

लाज वाटली. अजून वाटतेय. पण ती आता वाटून काय, असं त्यांना म्हणायचं असावं.

शांत झाल्यावर म्हणाले, "इंदुबाईला आवतन देऊन बसलूय. दिलेला आवतन मांगं कसा घेऊ? आनी मना एकट्याला सांगून काय उपेग? सगली भावकी बोलतंय म्हातारी चळली म्हून. उद्या मांडव हाय. दहा वाजता सगली जमतात. तिथं उभी ऱ्हा आनी बोल. इंदुबाईपन आसंल. मंग बायका ठरवतील कोन गानार."

मी हो म्हटलं.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, भावकी ऐकून घेईल आणि तरी गायला इंदुबाईच बसेल. मलाही तसंच वाटतं. तिथे कोणीतरी मोबाईल काढेलच. दुपारच्या आत ते मॅडमपर्यंत पोचेल. ऑफिसातले लोक बघतील, पुष्करही. राजीनामा मी लिहून ठेवलाय, पाठवलेला नाही, सकाळी निघताना पाठवीन.

आजी सगळं ऐकत होती. येणार का, ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, "काय बोलनार तू?"

मी दोन-तीन वाक्यं म्हणून दाखवली. 'माझ्याकडून चूक झाली. माझ्या आजीचा त्यात काहीही दोष नाही.'

"ह्या काय बातम्या हायेत? आपल्या बोलीन बोल. त्यांना वाटला पायजे का आपली पोर बोलतंय."

मग स्वयंपाकघरात उभी राहून बोलायला लागले. माजी आजी इसरली नाय. मी खोटा बोलले. तिसऱ्या वाक्याला अडखळले. 'फसवलं'ला आपल्यात काय म्हणतात, आठवेना. आजी भाकरी थापत होती. ती सांगेल म्हणून थांबले, तिने सांगितलं नाही.

उद्या साडेनऊला आई आणि मी निघू. दहाला मांडव. जनूकाकांनी सांगितलंय, आधी मी बोलायचं, मग इतर.